फुगडी मंडळाची पेटी आता कोणाच्या घरी ठेवायची?

खळ्यातली
२१ जून २०२६, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी कुडाळ आणि मालवणच्या मधल्या एका गावात राहते. आमच्या वाडीत बायकांचं फुगडीचं मंडळ आहे. नोंदणी वगैरे काही नाही. चतुर्थीत आम्ही वाडीतल्या प्रत्येक गणपतीसमोर फुगड्या घालतो आणि गौरीच्या रात्री देवळाच्या सभामंडपात सगळ्या एकत्र जमतो. मंडळाची पत्र्याची पेटी गेली ११ वर्षं माझ्या घरी आहे.

पेटीत दोन झांजा, गाण्यांच्या तीन वह्या, पावतीपुस्तक, हिशोबाची वही, सेफ्टी पिनांचा डबा, बामची बाटली आणि कापूस एवढं असतं. तीन वह्यांपैकी एक माझ्या सासूबाईंच्या हातची आहे. तिची पानं इतकी कडक झालीत की उलटताना खाली ताट धरावं लागतं. ज्या घरी पेटी, त्या घरची बाई मंडळ चालवते, हा आमच्याकडचा अलिखित नियम.

यंदा मला पेटी दुसरीकडे द्यायची आहे. गुडघा दुखतो हे आहेच, पण खरं कारण गेल्या वर्षी कळलं. गौरी आवाहनाच्या आदल्या दिवशी मला ताप भरला आणि मी दोन दिवस अंथरुणावर होते. त्या दोन दिवसांत आठ घरी फुगडी ठरली होती, झाली तीनच घरी. कोणाकडे किती वाजता जायचं, कोणत्या घरी आधी भजन आहे, कोणाला बोलवायला माणूस पाठवायचा, हे सगळं माझ्या डोक्यात होतं, वहीत एक अक्षर नव्हतं. बायका नटूनथटून माझ्या पडवीत येऊन बसल्या आणि दहा वाजता उठून घरी गेल्या. ११ वर्षांत मी दुसरी कोणी तयार केली नाही, ही माझी चूक. ती मला फार लागली.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, फुगडी म्हणजे काय, दोघींनी हात धरले आणि फिरल्या. मंडळ चालवणारीचं काम फिरण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. आमच्याकडे भजन उठल्याशिवाय फुगडी उभी राहत नाही. भजनी मंडळं रात्री घरोघर फिरतात, एकेका घरी आरती, भजन, मग उसळ आणि चहा. तोवर एक वाजतो. पहाटे उठून नैवेद्याचा स्वयंपाक करायच्या बायका एक वाजता कशा नाचणार? तिसऱ्या वर्षी मी भजनी बुवांच्या घरी जाऊन बसले आणि सांगितलं की वरच्या वाडीत तुम्ही आधी जा, खालच्या वाडीत आम्ही संध्याकाळी चारला घेतो, मग अदलाबदल करू. त्यांनी लगेच मानलं. त्याआधी त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. अशी कामं असतात.

आता प्रश्न. रविवारी बैठक झाली, दोन नावं पुढे आली. एकीचा आवाज असा की ती गायला लागली की रस्त्यावरची माणसं थांबतात. शंभरावर गाणी पाठ. फुगडीतही तिच्यासमोर कोणी टिकत नाही. दुसरी अंगणवाडीत मदतनीस आहे. गाते बेताची, नाचते बेताची.

पण तिची एक गोष्ट सांगते. गेल्या वर्षी एका घरी सांगलीकडची नवी सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या माहेरी झिम्मा-फुगडी मंगळागौरीला बघितलेली, पण आमचा वेग, आमची बोली, काहीच ओळखीचं नाही. आम्ही सगळ्या आपल्या नादात. मदतनीस गाणं सोडून तिच्याजवळ गेली. निऱ्या वर खोचून दिल्या. तिच्या बोटातल्या दोन अंगठ्या काढल्या आणि स्वतःच्या पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवल्या. हातांची कात्री करून दाखवली, पायांचे अंगठे एकमेकींच्या अंगठ्यांना भिडवले आणि म्हणाली, "माझ्या तोंडाकडे बग गो बाय. पायाकडे बगशीत तर भोवळ येतली." पहिले दोन फेरे हळू. तिसऱ्याला ती पोरगी मागे रेलली, हात ताणले गेले आणि ती जी हसली! त्या दिवसापासून ती आमची झाली.

बैठकीत बहुतेक जणी आवाजवालीच्या बाजूने आहेत. माझं मन दुसरीकडे जातं. तुमच्याकडे गट चालवणारा माणूस कसा निवडतात? जाखडी, नमन, धालो, कुठल्याही नाच-खेळाचा गट चालेल. अनुभव सांगा.


चाळवाला
२१ जून, रात्री ११.०५

ताई, मी संगमेश्वर तालुक्यातला. जाखडीत नाचतो, आमच्याकडे बाल्या नाचही म्हणतात. आमचा फेर पुरुषांचा. मधे शाहीर, ढोलकी आणि झांजवाले बसतात, भोवती आम्ही एका पायात चाळ बांधून फिरतो. शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष, गण-गवळणीनंतर सवाल-जवाब सुरू झाले की रात्र पुरत नाही.

आमच्या गावात तुमच्यासारखीच वेळ आली होती. शाहीरच मंडळाचे प्रमुख. गाणी त्यांची, चाली त्यांच्या, पैसे त्यांच्याकडे, मुंबईच्या नाट्यगृहात सामना ठरवायचा तोही त्यांनी. माणूस सोन्यासारखा, कोणाचा एक रुपया इकडचा तिकडे केला नाही. नोकरीत बदली झाली आणि ते गेले, तर पुढची चार वर्षं आमच्या वाडीत चाळ वाजले नाहीत. पोरं होती, ढोलकी होती. पण सरावाला या असं म्हणणारं तोंड नव्हतं.

पाचव्या वर्षी आम्ही तिघांनी मिळून सुरू केलं. एक जण फक्त बोलावण्याचं काम करतो, दुसरा पैसे बघतो. मी नाच शिकवतो. गाणारा वेगळा. त्याला आम्ही मुद्दाम कशाचाही प्रमुख केलेला नाही, आणि तो त्यात खूश आहे. ज्याचं लक्ष गाण्यात आहे त्याला फेरात कोण दमलंय, कोण रुसलंय हे दिसत नाही. त्याचा दोष नाही, त्याने गाण्यातच असायला हवं.

आवाजवालीला गाऊ द्या. पेटी दुसरीकडे द्या, असं माझं मत.


नाचरी
२२ जून, सकाळी ७.३०

मी वेगळं मत मांडते, राग मानू नका. माझं वय २६, वेंगुर्ल्याकडची. आमच्या गटाने गेल्या चार वर्षांत फुगडीच्या सात-आठ स्पर्धा केल्या. स्पर्धेत बारा जणी आणि दहा मिनिटं. सारख्या साड्या, सारखी वेणी, पावलाला पाऊल. ज्येष्ठ बायका म्हणतात की स्पर्धेने फुगडीची माती केली. मला ते पटत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा संध्याकाळी सातनंतर घराबाहेर पडायची सोय नव्हती. स्पर्धेचा सराव आहे म्हटल्यावर पडले. पहिलं बक्षीस आलं, पेपरात फोटो आला, तेव्हा सासऱ्यांनी तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आज सासूबाई स्वतः विचारतात, सराव कधी आहे? स्पर्धा नसती तर मी अजून ओट्यापाशीच असते. आमच्या आधीच्या पिढीतल्या कित्येक फुगड्या आम्ही स्पर्धेसाठीच शोधून काढल्या. कासव फुगडी, जातं, दंड फुगडी, नखुल्या. दोन गावं पालथी घालून एका आजीकडून आम्ही तवा फुगडी शिकलो, त्या वेळी ती ऐंशीच्या पुढची होती. पायांवर उकिडवं बसून तिनेच करून दाखवली.

मंडळाची प्रमुख अशी हवी जी दर्जा राखेल. सगळ्यांना घ्यायचं म्हणून फेर विस्कळीत झाला तर नव्या मुली येणार नाहीत. त्यांना चांगलं काहीतरी करायचं असतं.


खळ्यातली
२२ जून, दुपारी २.१५

नाचरी, राग कसला? तुझ्या सासऱ्यांच्या कपाटाचं वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तवा फुगडी त्या आजीकडून उतरवून घेतलीस हे मोठं काम आहे, तुझ्या गावाने तुला नमस्कार करावा असं.

आम्हीही २०१९ मध्ये एका स्पर्धेत उतरलो होतो. सरावाला ३१ जणी यायच्या. बारा निवडल्यावर बाकीच्या १९ पैकी पुढच्या वर्षी घरच्या गणपतीसमोरसुद्धा नऊच जणी उभ्या राहिल्या. कोणी भांडलं नाही, कोणी बोललं नाही. आपल्याला येत नाही हे त्यांना कळलं असं त्यांना वाटलं, एवढंच. त्यातल्या दोघी तर वीस-वीस वर्षं फुगडी घालत होत्या. त्या दहा जणींना परत आणायला मला तीन वर्षं लागली. एकेकीच्या घरी गेले, भातलावणीत त्यांच्या बांधावर जाऊन बोलले. बारा जणींची निवड मीच केली होती, म्हणून ते निस्तरणंही माझ्याकडेच आलं.

माझं स्पर्धेशी भांडण नाही. दहा जणी रडवून बारा जणी हसवायच्या नाहीत, इतकंच मला कळतं.


परिचारिका देवगड
२२ जून, संध्याकाळी ६.५०

आरोग्य केंद्रात आहे. चतुर्थीनंतरच्या आठवड्यात मनगट, घोटा आणि गुडघा घेऊन बायका येतात, म्हणून चार गोष्टी लिहिते. हे बघणं मंडळ चालवणारीचंच काम आहे, बाकी कोणाच्या लक्षात येत नाही.

पूर्वी खळं आणि पडवी शेणाने सारवलेली असायची, पाय धरून राहायचा. आता घरोघरी लादी आहे. पावसाचे दिवस, दारातून ओले पाय आत येतात, त्यात आरतीचं तेल आणि फुलांच्या पाकळ्या. फुगडीआधी एकीने सुक्या फडक्याने जागा पुसून घ्यायचीच. गरगर फिरल्यावर भोवळ येते ती कानाच्या आतल्या द्रवामुळे. आपण थांबलो तरी तो द्रव थोडा वेळ फिरत राहतो. म्हणून झटक्यात थांबायचं नाही आणि थांबल्याबरोबर हात सोडायचे नाहीत. वेग उतरवत आणा, दोन श्वास एकमेकींना धरून उभ्या राहा, मग सोडा. पडतात त्या फिरताना पडत नाहीत, सोडल्यावर पडतात.

जोडी वजनाने आणि उंचीने साधारण सारखी असू द्या. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या काकींना टाळ्यांच्या फेरात घ्या, तिथेही मजा तेवढीच येते. आणि अंगठ्या काढायच्याच. तुमच्या मदतनीसबाईंनी ते न सांगता केलं, यावरून मी माझं मत देऊन टाकते.


हिशोबनीस
२३ जून, सकाळी १०.२०

मी एका सहकारी संस्थेत हिशोब बघायचो, आता निवृत्त. दोन-तीन मंडळांची कागदपत्रं केली आहेत. धाग्यात नोंदणीचा उल्लेख आला म्हणून लिहितो.

महाराष्ट्रात असं मंडळ नोंदवायचं तर साधारणपणे १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, दोन्हींखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते. किमान सात सभासद लागतात. नाव मिळालं की काम संपलं असं नसतं. दर वर्षी हिशोब द्यायचे. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज करायचा. पहिल्या उत्साहात नोंदणी करून मग दहा-दहा वर्षं बदल अर्ज न केलेली मंडळं मी पाहिली आहेत. कागदावर वारलेली माणसं अध्यक्ष म्हणून बसलेली असतात आणि नव्यांना बँकेत सही करता येत नाही.

तुमची उलाढाल किती, ताई? अनुदान किंवा मोठी देणगी घ्यायची नसेल तर घाई करू नका. तुमच्या वाडीत बचत गट असणारच. त्याची पंचसूत्री तुमच्या बायकांना तोंडपाठ असेल. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, नोंदी. त्यातली बैठक आणि नोंदी एवढ्या दोन उचला. दर बैठकीची वहीत नोंद, खाली हजर बायकांच्या सह्या. पैसे एकीच्या नावावर न ठेवता दोघींच्या सहीने निघतील असं खातं. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे ठेवा. अविश्वास म्हणून नव्हे. पेटी उघडायला दोघी लागल्या की एक आजारी पडली तरी दुसरीला सगळं माहीत असतं.


वसईची वयनी
२३ जून, रात्री १०.१०

मी मूळची कणकवलीकडची, वसईत राहते. चाकरमान्यांच्या बाजूने लिहिते.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. पूर्वी रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी सुरू व्हायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. म्हणजे आमची पळापळ जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. मंडळाने त्याआधी कळवलं की गौरीच्या रात्री एकत्र फुगडी अमुक दिवशी आहे, तर आम्ही परतीचं तिकीट त्यानंतरचं काढू. आम्हाला कोणी सांगतच नाही. आम्ही पाहुण्यांसारखे येतो, मोदक खातो आणि मोबाइल उंच करून तुमची फुगडी टिपतो. मग गावातल्या बायका म्हणतात, मुंबईवाल्या नाचत नाहीत, नुसते व्हिडिओ काढतात. गो बायांनो, आम्हाला गाणी येत नाहीत, वरचा सूर कोणी धरायचा आणि मागून कोणी म्हणायचं ते माहीत नाही. मधेच घुसायची लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या जावेने गावाहून पाच गाणी फोनवर म्हणून पाठवली. आम्ही इमारतीच्या गच्चीवर नऊ जणींनी दर शनिवारी सराव केला. त्यात दोघी कोकणातल्या नव्हत्याच. त्या वर्षी गावी गेल्यावर मी पहिल्यांदा माटवीखाली, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या सजवलेल्या चौकटीखाली, फुगडी घातली, वय वर्षं ४४. आईने बघितलं. आई आता नाही.

पेटी कोणाकडेही द्या, पण तिच्याकडे आम्हा बाहेरच्यांच्या फोन नंबरांची यादी असू द्या.


मांडावर
२४ जून, सकाळी ८.००

दोडामार्गकडून लिहितोय. आमच्याकडे पौषात धालो असतो. बायका रात्री मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या अंगणात, जमतात, समोरासमोर दोन रांगा करून, कमरेला हात घालून, वाकत पुढे-मागे होत गातात. पाच, सात, नऊ अशा रात्री चालतं. गोव्यातही आहे, सीमेच्या दोन्ही बाजूंना नातीगोती एकच. तिथे पुढारपण निवडायचा प्रश्न येत नाही. मांडाचा मान ठरलेल्या घराचा, तिथली बाई पहिल्या रात्री दिवा लावते. मात्र गाणं कोण उचलतं याला बंधन नाही, जिला सुचेल ती उचलते. मान एका घरी आणि गाणं सगळ्यांचं. माझी आई १४-१५ वर्षांची होती तेव्हापासून रांगेत उभी राहिली, कधी पुढारी नव्हती, पण तिच्याशिवाय रांग हलायची नाही असं आमची मावशी सांगते.


पडवी
२४ जून, दुपारी ३.३५

एक विचारायचं होतं. तुमच्या फेरात विधवा बायका असतात का? आमच्या गावात अजून नाही. कोणी मनाई केलेली नाही, त्या स्वतःच येत नाहीत. गौरीच्या वेळी तर स्वयंपाकघरातून बाहेर येत नाहीत. २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि नंतर सरकारनेही त्याच महिन्यात बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक पाठवलं. आमच्याकडे ते वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या. चतुर्थीला सगळं जिथल्या तिथे. मंडळ चालवणाऱ्या बाईने यात काय करावं?


खळ्यातली
२४ जून, रात्री १०.५०

पडवी, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी लिहिणार नव्हते.

माझ्या एक चुलत सासूबाई आहेत, आम्ही काकी म्हणतो. ३२ व्या वर्षी नवरा गेला. त्याआधी फुगडीत त्यांचं नाव होतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते, आम्ही माटवीखाली फेर धरला की काकी माजघराच्या दाराआड पाटावर बसायच्या. आम्ही गाणं विसरलो की पुढची ओळ आतून यायची. एकही ओळ कधी चुकली नाही. आणि आम्ही आतून आवाज येतो याची सवय करून घेतली होती. त्या आत का आहेत हे वर्षानुवर्षं आमच्यातल्या कोणी विचारलं नाही, मीही नाही.

२०२३ ची गोष्ट. आम्ही गाणं अडखळलो, आतून ओळ आली. मदतनीस, तीच जिच्याबद्दल वर लिहिलं, ती फेरातून बाहेर पडून दारात गेली. काही भाषण नाही, काही नाही. म्हणाली, "काकी, माका आयकाक येना नाय. भायर येऊन सांगा." काकी म्हणाल्या, "नको गो, मी हयसून बरी." ही तिथेच उभी. हात पुढे केलेला. मागे आम्ही २०-२२ जणी गप्प, झांज थांबलेली. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग काकींनी आधी पाट भिंतीला लावून ठेवला, तो कोणाच्या पायात येऊ नये म्हणून, आणि बाहेर आल्या.

त्या दिवशी त्यांनी फुगडी घातली नाही. फेरात उभ्या राहून टाळी दिली आणि गाणं सांगितलं. गेल्या वर्षी मात्र घातली, ६७ व्या वर्षी, दोन फेरे. कुजबुज झाली का? झाली. काकी पहिल्यांदा बाहेर आल्या त्याच वर्षी एका घरून निरोप आला की आमच्याकडे ओवसा (सवाष्णी गौरीला सुपं ओवसतात तो विधी) आहे, त्या दिवशी जरा बघा. मी जाऊन सांगितलं की ओवसा तुमच्या घरचा आहे, सुपं कोणी भरायची ते तुम्ही ठरवा, पण फुगडी मंडळाची आहे आणि मंडळात काकी आहेत. एक वर्ष त्या घरी आम्ही गेलो नाही. पुढच्या वर्षी त्यांनीच बोलावलं.

मंडळ चालवणाऱ्या बाईने काय करावं, तर मला जे सुचलं नाही ते तिला सुचलं, आणि मी पेटी घेऊन बसले होते.


नाचरी
२५ जून, सकाळी ६.५५

रात्री वाचलं आणि झोप आली नाही. आमच्या गटातही अशा एक जण आहेत. आमच्या साड्यांना फॉल लावून देतात, केस बांधून देतात, स्पर्धेच्या दिवशी गाडीतही येतात. आम्ही रंगमंचावर गेलो की त्या पिशव्या सांभाळतात. मला कधी खटकलं नाही. आज संध्याकाळी त्यांच्या घरी जाते.

दर्ज्याबद्दलचं माझं मत मी मागे घेत नाही. पण यंदापासून आमचा सराव सगळ्यांना खुला ठेवेन आणि स्पर्धेच्या बारा जणी दर वेळी बदलत्या ठेवेन. जमेल तसं लिहीन.


चाळवाला
२५ जून, दुपारी १.००

ताई, आवाजवालीशी बोललात का? ती दुखावली तर सगळं अवघड होईल. आमच्या शाहिरांनंतर जो गाणारा आला, त्याला आम्ही पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितलं की कोणतं गाणं घ्यायचं हा अधिकार पूर्ण तुझा, त्यात आम्ही बोलणार नाही. माणसाला त्याच्या कामात मोकळीक लागते. तेवढं नक्की सांगा.


खळ्यातली
२८ जून, रात्री ९.२०

तुम्हा सगळ्यांचे आभार. आज परत बैठक झाली. पाऊस जोरात होता, लावणीची घाई, तरी १९ जणी आल्या.

आवाजवालीकडे मी शुक्रवारी गेले होते. भीत भीतच गेले. तिला मी सासूबाईंची वही दिली, खाली ताट धरून पान कसं उलटायचं ते दाखवलं, आणि म्हटलं, ही आजपासून तुझ्याकडे, कुठलं गाणं कधी घ्यायचं तू ठरव. ती बराच वेळ पानं बघत होती. मग म्हणाली, "वयनी, खरा सांगू? माका त्या पेटीचा भ्याव वाटा होता. पावत्या फाडूक माका जमाचा नाय." ११ वर्षं एका वाडीत राहून मला हे माहीत नव्हतं. वह्यांतली गाणी ती आता मोबाइलमध्ये म्हणून ठेवणार आहे, आधी सासूबाईंची वही, मग बाकीच्या. गाणी पूर्ण झाली की वसईच्या वयनींच्या पद्धतीने मुंबईच्या बायकांना पाठवायची.

मदतनीस आधी नाहीच म्हणत होती. तिचं म्हणणं, मला बैठकीत बोलता येत नाही. काकी म्हणाल्या, बोलायला मी येईन तुझ्याबरोबर. मग हो म्हणाली.

हिशोबनीस दादांनी सांगितलं तसं केलं आहे. पेटी मदतनीसकडे, किल्ली काकींकडे. बँकेत खातं काढायला बुधवारी दोघी जातील. नोंदणी आत्ता नाही. घरांची यादी, भजनाच्या वेळा, बुवांचा नंबर, मुंबईच्या २३ जणींचे नंबर, हे सगळं मी आज वहीत उतरवून दिलं. सहा पानं झाली. गौरीच्या रात्रीची तारीख मुंबईला कळवून झाली, तिकिटांच्या आधी. पेटीत एक सुकं फडकं घातलं आहे.

सराव नागपंचमीपासून, १७ ऑगस्टला, दुपारी चार वाजता मदतनीसच्या पडवीत. वाटेवर पऱ्ह्याचं (ओढ्याचं) पाणी असेल, वरच्या साकवावरून (छोट्या पुलावरून) या. पडवी लहान आहे, एका वेळी तीनच जोड्या मावतील. बाकीच्यांनी टाळी धरायची.